वलंदेजांचे जहाज

आपल्या चिमूरला समुद्र नाही. उमा नदी आहे, पण तिच्यात जहाज चालत नाही. वैनगंगेवर गेलो तर ढीवर बांधवांचा डोंगा दिसतो. एक जाड खोड घ्यायचे, आतून कोरून पोकळ करायचे, की झाला डोंगा. त्यात चारपाच माणसे बसतात आणि पलीकडे जातात.

मग या पुस्तकात जहाजाचा धडा कशाला? असे तुम्ही विचाराल. आम्ही सांगतो. ही गोष्ट समुद्राची कमी आणि सुताराची जास्त आहे. आणि सुतारकाम आपल्या भागाला नवे नाही. घोडा यात्रेत आपला बालाजी ज्या घोड्यावर बसतो, तो घोडा लाकडाचाच आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले, ते आपल्याच बल्लारपूरहून गेले. लाकडावर हात फिरवून ते ओले की सुके हे सांगणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना हा धडा आवडेल.

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. देश लहान. जमीन इतकी सखल की पुष्कळ ठिकाणी समुद्राचे पाणी वर आणि शेत खाली. मध्ये बांध घालून शेती करतात. या लोकांना डच म्हणतात. आपल्या जुन्या मराठी कागदांत त्यांचे नाव आहे वलंदेज. १६०२ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एक कंपनी काढली. मिरी, लवंग, जायफळ असा माल पूर्वेकडून न्यायचा आणि तिकडे विकायचा, हा तिचा धंदा. १६३७ साली त्यांनी कोकणात वेंगुर्ल्याला ठाणे केले. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती वेंगुर्ल्यात अजून आहेत.

मराठ्यांची आणि त्यांची समुद्रावर गाठ पडली ती १७५४ साली. विजयदुर्गाला तेव्हा तुळाजी आंग्रे होते. वलंदेजांची तीन जहाजे कोकणच्या समुद्रातून चालली होती. एकावर ५० तोफा, दुसऱ्यावर ३६, तिसऱ्यावर १८. आंग्र्यांच्या आरमाराने त्यांना गाठले. मोठी दोन जळाली, तिसरे पकडले गेले. त्या वेळी हे फार मोठे काम मानले गेले, कारण वलंदेजांची जहाजे जगात नामांकित होती.

ती नामांकित का होती? त्यांच्या घरी तर लाकूडही पुरेसे नव्हते. ओक नावाच्या झाडाचे कठीण लाकूड जर्मनीतून नदीत तराफे सोडून आणीत. डोलकाठीसाठी सरळ उंच झाड नॉर्वे देशातून येई. (आपल्यासारखे सागवान त्यांना पुढे जावा बेटावर मिळाले.) पण लाकूड आणले की त्याचे काम ते झटपट करीत. १५९४ साली कॉर्नेलिस नावाच्या एका माणसाने वाऱ्यावर चालणारी करवत बांधली. वारा सुटला की मोठे पंखे फिरत, पंख्यांबरोबर करवत वरखाली होई आणि ओंडक्याच्या फळ्या पडत. दोन माणसांनी, एक वर आणि एक खाली उभे राहून, दिवसभर ओढायची करवत ज्यांनी ओढली आहे, त्यांनाच या वाऱ्याचे मोल कळेल.

त्याच सुमारास, १५९५ साली, होर्न नावाच्या गावी एक नव्या घाटाचे जहाज पाण्यात उतरले. पोट फुगीर, वर डेक अरुंद. एखादी घागर लांब ओढावी तसे. पोटात माल भरपूर मावे. शिडाची दोरी ओढायला कप्प्या बसवलेल्या, म्हणून माणसे थोडी लागत. दुसऱ्या देशाच्या तेवढ्याच जहाजावर जितके खलाशी, त्याच्या निम्म्यात वलंदेजांचे भागे. मजुरी कमी, म्हणून भाडे कमी. भाडे कमी, म्हणून सगळ्यांचा माल त्यांच्याकडे.

आता मुख्य गोष्ट ऐका. एवढी मोठी जहाजे बांधणारे हे सुतार कागदावर नकाशा काढीत नसत. शंभर दीडशे फूट लांबीचे जहाज, त्यात हजारो लाकडे, आणि चित्र एकही नाही!

आम्ही ही गोष्ट आपल्या भागातल्या एका म्हाताऱ्या सुतारदादांना सांगितली. त्यांना काही नवल वाटले नाही. ते म्हणाले, "चित्र कायले पायजे? माप त हातातच हाय." बंडीचे चाक करताना त्यांनी तरी कधी चित्र काढले होते? तुंबा एवढा असला की आरे एवढे, आरे एवढे असले की पुठ्ठे एवढे. एक माप ठरले की बाकीची त्यातून निघतात.

वलंदेजांचेही तसेच होते. गिऱ्हाईक येऊन फक्त लांबी सांगे. समजा, १०० फूट. मग मुख्य सुतार हिशेब करी. लांबीचा चौथा हिस्सा रुंदी, म्हणजे २५ फूट. लांबीचा दहावा हिस्सा खोली, म्हणजे १० फूट. पुढे पाणी कापणारे जे वाकडे लाकूड असते त्याला आपले कोकणी लोक नाळ म्हणतात. दर १० फूट लांबीला १ इंच, या हिशेबाने नाळेची जाडी. १०० फुटांच्या जहाजाला १० इंच. नाळेची जाडी मिळाली की तिच्यावरून पुष्कळ दुसऱ्या लाकडांची जाडी काढीत. हे सगळे तोंडी. बापाने मुलाला सांगावे, मुलाने नातवाला. मात्र हा हिशेब पक्का नव्हता. मालाचे जहाज असेल तर रुंदी थोडी कमी करीत, उथळ बंदरात जायचे असेल तर खोली कमी. तिथे सुताराची नजर काम करी.

रशियाचा राजा पीटर १६९७ साली हॉलंडला गेला. राजा असून त्याने हातात कुऱ्हाड घेतली आणि ॲम्स्टरडॅम शहरात कंपनीच्या बंदरावर सुतारांबरोबर काही महिने काम केले. काम शिकला. पण त्याला हवे होते असे ज्ञान, जे कागदावर मांडून रशियाला नेता येईल. ते इथल्या सुतारांजवळ नव्हते. त्यांना येत होते, पण सांगता येत नव्हते. राजा नाराज झाला आणि १६९८ साली इंग्लंडला गेला. तिकडे जहाजाचे नकाशे काढीत.

आमचे मत विचाराल तर राजाचे चुकले नाही आणि सुतारांचेही चुकले नाही. पण हे समजायला जहाज एकदा हाताने बांधून पाहिले पाहिजे. खरे नव्हे, लहान. खऱ्या वस्तूच्या हुबेहूब लहान रूपाला प्रतिकृती म्हणतात. ती कशी करायची ते आता सांगतो.

माप असे धरा. इंचाचे ८ सूत, हे तुम्हाला ठाऊक आहे. खऱ्या जहाजाच्या १ फुटाला आपण २ सूत घेऊ. म्हणजे आपले जहाज खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचे होईल. १०० फुटांचे झाले २०० सूत, म्हणजे २५ इंच. रुंदी २५ फूट, म्हणजे ५० सूत, सव्वासहा इंच. खोली १० फूट, म्हणजे २० सूत, अडीच इंच. नाळेची जाडी दोन सुतांहून थोडी कमी येईल. पाहा, नकाशा नाही, तरी निम्मे जहाज ठरले.

लाकूड कोणते घ्यावे? सागवान चांगलेच, पण एवढ्या लहान कामाला त्याचा रेषा जाड पडतो. त्यापेक्षा हळदू घ्या. ज्या लाकडाच्या फण्या करतात ते पिवळे, बारीक रेषेचे लाकूड. शिवणही चालेल, ते हलके असते आणि फाटत नाही. जंगलात जाऊन झाड तोडू नका. तो गुन्हा आहे, आणि गरजही नाही. सुताराच्या दुकानात खाली पडलेले तुकडे पुरतात. फळ्यांसाठी अर्ध्या सुताच्या पातळ पट्ट्या काढा. खिळ्यांच्या ऐवजी बांबूच्या काड्या तासून ठेवा. खऱ्या जहाजातही फळ्या आणि फासळ्या लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेल्या असत. लोखंड समुद्राच्या पाण्यात गंजते, खुंटी पाणी पिऊन फुगते आणि आणखी घट्ट बसते.

आधी कणा करा. कणा म्हणजे तळाचे सरळ लांब लाकूड. तो २५ इंचांहून आखूड ठेवा, कारण नाळ पुढे झुकलेली असते आणि मागचा खांब मागे कललेला असतो. नाळेच्या टोकापासून मागच्या खांबाच्या टोकापर्यंत २५ इंच भरले पाहिजेत. कण्यावर नाळ आणि खांब उभे करा. ओळंबा लावून पाहा. इथे केसभर तिरपे राहिले तर पुढे बोटभर होते.

यानंतर कोणताही दुसरा सुतार फासळ्या उभ्या करील आणि त्यांवर फळ्या ठोकील. घराचे जसे आधी खांब, मग भिंत. वलंदेज उलटे करीत. ते आधी फळ्या बसवीत! कण्याच्या डावीकडे एक फळी, उजवीकडे एक फळी, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. फळीला फळी नुसती कडेला कड लावलेली. ती पडू नये म्हणून दोन फळ्यांच्या सांध्यावर आडवी चीप ठोकीत. चीप तात्पुरती. तुम्ही बांबूची चीप घ्या आणि बारीक चुकांनी ठोका. असे करीत तळ सपाट वाढवा. रुंदीच्या दोन तृतीयांश तळ सपाट असावा. आपल्या जहाजात ५० सुतांपैकी ३३ सूत.

आता फळ्या वर वळवायच्या. इथे हात दुखतो. पट्टी सरळ आहे, तिला नाळेकडे एकाच वेळी वाकवायचे आणि पिळायचे आहे. पट्टी उकळत्या पाण्यात भिजवा, मग हळूहळू वाकवा. वलंदेज जाड फळी जाळावर धरीत आणि वरून पाणी मारीत. खालून ऊब, वरून ओल, की लाकूड नमते. बुरूड बांबू शेकून वाकवतात, त्यांच्याजवळ बसून एक दिवस पाहा. ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले शिकवतील. घाई केली तर पट्टी तडकेल. तडकली तर टाकून द्या, सरस लावून चालवून घेऊ नका.

वळणाच्या फळ्या बसल्या की कवच तयार झाले. नुसत्या फळ्यांची परात उभी राहिल्यासारखे दिसते. आता त्यात फासळ्या बसवा. फासळी किती वाकडी असावी हे कोणी आधी ठरवलेले नाही, ते कवचच सांगते. जाड कागद आत धरून आकार कापून घ्या आणि त्याप्रमाणे लाकूड कापा. खऱ्या जहाजासाठी मुळातच वाकडे वाढलेले झाड शोधीत, कारण त्याचा रेषा वाकणातून अखंड जातो. आपण नांगरासाठी वाकडे बाभूळ शोधतो ते याचसाठी. फासळी बसली, खुंट्यांनी पक्की झाली, की वरची चीप काढून टाका. चुकांची भोके राहतील. त्यांत बांबूच्या बारीक काड्या ठोका आणि घासून घ्या.

ही भोके लक्षात ठेवा. तीनशे चारशे वर्षांपूर्वी बुडालेली जहाजे आता समुद्राच्या तळाशी सापडतात. फळ्यांवर बुजवलेल्या लहान भोकांच्या रांगा दिसल्या, की अभ्यासक ओळखतात, हे वलंदेजी पद्धतीचे काम. सुतार गेला, नाव गेले, पण चीप कुठे ठोकली होती ते लाकडाने सांगितले.

बाकीचे काम तुम्हाला जमेल. वरच्या बाजूच्या फळ्या, डेक, मागे सुकाणू, तीन डोलकाठ्या. शिडाला जुन्या धोतराचे कापड चांगले.

जहाज झाले की टाक्यात सोडा. ते एका कुशीवर कलेल. घाबरू नका. रिकामे जहाज उभे राहत नाही. त्याच्या पोटात, अगदी तळाशी, बारीक खडी भरा. ते सरळ होईल. आता तेवढीच खडी डेकवर ठेवा. बोटाने हलकेच ढकला. जहाज पालथे होईल. वजन तेच, फक्त जागा बदलली. बंडीत कापसाचे उंच गाठोडे रचले आणि बंडी नालीत गेली तर काय होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता राजा पीटरचे काय चुकले नव्हते ते सांगतो. स्वीडन नावाच्या देशाच्या राजाने एक मोठे लढाऊ जहाज बांधायला घेतले. नाव वासा. मुख्य सुतार होता हेन्रिक हायबर्टसन, हॉलंडचा माणूस. काम वलंदेजी पद्धतीचे, म्हणजे नकाशाशिवाय. त्यावर ६४ तोफा, त्या दोन मजल्यांवर ठेवलेल्या. काम चालू असताना १६२७ साली हेन्रिक वारला. निघण्यापूर्वी परीक्षा घेतली. ३० माणसे डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावली. जहाज इतके डोलू लागले की तीन फेऱ्यांत परीक्षा थांबवावी लागली. तरीही राजाचा हुकूम होता, म्हणून १० ऑगस्ट १६२८ रोजी ते निघाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास गेले. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कलले, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाले. सुमारे ३० माणसे गेली. चौकशी झाली. शिक्षा कोणालाच झाली नाही. मापे राजाने मान्य केली होती, आणि ती दिलेला सुतार तर मेला होता. कोणता कागद दाखवून कोणाला दोषी ठरवणार?

१९६१ साली वासा पाण्यातून वर काढले. आत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. दोन पट्ट्या स्वीडनच्या फुटाच्या, त्या फुटात १२ इंच. दोन पट्ट्या ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या, त्या फुटात ११ इंच. जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा जड भरते, तिचे लाकूड जास्त जाड आहे. दोन गटांतले सुतार, दोघांच्या हातात वेगळा फूट, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर! आपल्याकडे हाताने आणि वितीने मोजताना कोणाचा हात, असे का विचारतात ते यावरून कळेल.

नकाशाचे काम कसे चालते त्याचेही एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे पारशी सुतार सागवानी जहाजे बांधीत. इंग्रजांनी त्यांच्याकडून ट्रिंकोमाली नावाचे जहाज बांधून घेतले. त्याचे नकाशे इंग्लंडहून दुसऱ्या जहाजाने पाठवले. वाटेत १८१२ साली ते जहाज अमेरिकेच्या हाती लागले, नकाशे गेले. मग काय केले? पुन्हा नकाशांची नक्कल काढली आणि पुन्हा पाठवली. जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली जहाज बांधले गेले आणि १८१७ साली पाण्यात उतरले. दोनशे वर्षे उलटून गेली. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगत आहे. कागद हरवला तर दुसरा काढता आला. हेन्रिक गेला तेव्हा त्याच्या डोक्यातले माप कोठून आणणार होते?

वलंदेजांची ही पद्धतही पुढे मोडली. नकाशे आले, नंतर लोखंडाची जहाजे आली. फळी आधी आणि फासळी मागून, हे कसे करीत ते हॉलंडमध्येच कोणाला नीट सांगता येईना. मग कळले कसे? एका पुस्तकामुळे. निकोलास विटसेन नावाचा एक माणूस होता. तो सुतार नव्हता, वकिलीचे शिक्षण घेतलेला श्रीमंत गृहस्थ होता, पुढे ॲम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष झाला. सुतार काय करतात, कोणते लाकूड आधी आणि कोणते नंतर, हे त्याने पाहून, विचारून लिहून ठेवले. १६७१ साली पुस्तक छापले. पुस्तक विस्कळीत आहे, वाचताना डोके दुखते असे जाणकार म्हणतात. त्यात एका १३४ फूट लांब जहाजाची मापे आहेत. आपल्या काळात ॲम्स्टरडॅमच्या मोठ्या संग्रहालयात जहाजांच्या प्रतिकृती दुरुस्त करणारे आब होव्हिंग यांनी ते पुस्तक समोर ठेवले आणि लिहिल्याप्रमाणे, त्याच क्रमाने, एक लहान जहाज बांधले. जे वाक्य वाचून कळत नव्हते ते लाकूड हातात धरल्यावर कळले. हॉलंडमध्येच विल्लेम व्होस नावाच्या जहाजसुताराने १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षे तरुण मुलांना हाताशी धरून बटाव्हिया नावाचे पूर्ण आकाराचे जहाज पुन्हा बांधले. मूळ बटाव्हिया १६२९ साली ऑस्ट्रेलियाजवळ खडकावर आपटून फुटले होते.

आता आपल्या गावाकडे या. लाकडी चाकाची बंडी आता किती घरी राहिली आहे? टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. त्यात वाईट काही नाही, बैलांचा जीव हलका झाला. पण तुंब्याला किती आरे, आरा तुंब्यात किती खोल बसतो, धाव तापवून चढवताना ती चाकापेक्षा किती लहान ठेवायची, आस कोणत्या लाकडाचा करायचा, हे सांगणारे सुतारदादा दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना लिहिता येत नाही. तुम्हाला आता येते.

एखादी जुनी बंडी कोणाच्या गोठ्यात पडली असेल. एक वही, एक शिसपेन्सिल आणि एक टेप घेऊन जा. सुतारदादांना बरोबर न्या. चाकाचा व्यास मोजा, आरे मोजा, पुठ्ठे मोजा. इंच आणि सूत दोन्ही लिहा. प्रत्येक भागाचे नाव ते जसे बोलतात तसेच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. चाकातले कोणते लाकूड आधी बसवतात आणि कोणते मागून, हे नक्की विचारा, कारण ते बंडी पाहून कळत नाही. पानाच्या वर गावाचे नाव, तारीख आणि सांगणाऱ्या सुतारदादांचे नाव घाला. मग जमल्यास १ फुटाला २ सूत धरून एक लहान चाक करून पाहा. जिथे अडाल तिथे वहीत काहीतरी लिहायचे राहिले आहे. पुन्हा जाऊन विचारा.